सावली पडतेय

"ए बाई, जरा मागं हो. सावली पडतेय."

सांगलीहून आलेला पेपरचा फोटोवाला बोलला. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, डावा हात हवेत हलवत. आपण कुणाला बोलतोय हेही त्यानं पाहिलं नव्हतं. शाळेच्या पटांगणात वसुधा केरसुणी घेऊन वाकून उभी होती. ऊन माझ्या आईच्या पाठीमागून येत होतं आणि आईची सावली वसुधाच्या पांढऱ्या साडीवर पडली होती. फोटो काळा येईल, एवढंच त्याचं म्हणणं.

आई मागं झाली नाही. आई उडाली. पायाखाली विस्तव यावा तशी. पदर सावरत, हात जोडत, दहा-बारा पावलं उलटी गेली ती थेट गटारीच्या काठाला. तिथं पाय सटकला आणि ती गुडघाभर चिखलात उतरली. तरी हात जोडलेलेच. "चुकलं, चुकलं," म्हणत होती. पोरं हसली. माझ्याच कॉलेजच्या वर्गातली पोरं. फोटोवाला गोंधळला, एवढं काय झालं त्याला कळेना. त्याला फोटोपुरती सावली नको होती. आईनं मात्र लहानपणची सावली ऐकली, जिच्यापायी पाणवठ्यावर तिला धोंडे बसले होते.

मी पाच पावलांवर उभी होते. हातात मातीचं घमेलं. मी हलले नाही. आणि खरं सांगते, त्या वेळी माझ्या मनात आईची कीव नव्हती. माझ्या मनात एकच होतं. फोटो माझा का नाही?

हे लिहायला लाज वाटते. पण लाज राखूनच लिहायचं असतं तर मी लिहायला बसलेच नसते.

मी मांगाची पोर. आमचं गाव शिराळ्याच्या अंगाला, वारणेच्या बाजूचं. मोठा दुष्काळ नुकता सरला होता आणि मी सांगलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली पोर. आई शिंदीच्या पाल्याच्या केरसुण्या बांधायची. गावातल्या घरोघरी तिचीच केरसुणी. दिवाळीला लक्ष्मी म्हणून तिच्याच केरसुणीला हळदकुंकू लागायचं आणि आई अंगणाच्या बाहेर उभी राहून हाक मारायची, "आवं मालकीनबाई, लक्ष्मी आणलीया." शिवाय चावडी आणि शाळेचं पटांगण झाडायचं तिच्याकडं. तिच्या सासूकडून आलेलं. सुगीला खळ्यावर चार पायली जोंधळा मिळायचा, तोही सासूकडूनच आलेल्या मापानं.

आणि वसुधा. सांगलीच्या डॉक्टरांची मुलगी. माझ्याच वर्गात, माझ्या पुढच्या बाकावर. दोन वर्षं मी तिच्या पाठीकडं बघत शिकले. तिची वेणी, तिचं शाईचं पेन, वहीला घातलेलं तपकिरी कव्हर. ती वर्गात उशिरा आली की सर म्हणायचे, "ये, ये." मी वेळेवर आले तरी दाराशी थांबून विचारायची, येऊ का. ती प्रश्न चुकीचा विचारायची तरी सर हसून उत्तर द्यायचे. मला बरोबर उत्तर येत असूनही तोंड उघडत नव्हतं. तिनं माझं कधी काही वाईट केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. मला तिचा राग करायला कारण मिळालं असतं. कारण नव्हतं आणि पोटात तर दुखत होतं.

हिवाळ्यात कॉलेजचं श्रमदान शिबिर काढायचं ठरलं. सरांनी वर्गात विचारलं, "कुणी आपलं गाव सुचवतंय का?" दोन वर्षांत पहिल्यांदा मी हात वर केला. सर म्हणाले, "वा." वसुधानं मागं वळून बघितलं.

मी गाव का सुचवलं? गावाचं भलं व्हावं म्हणून नव्हे. मला गावानं बघायला हवं होतं. आईनं बघायला हवं होतं. कॉलेजच्या पोरींच्या रांगेत मी, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला, शेवटच्या दिवशी चावडीपुढं मांडव आणि कर्ण्यातून माझं नाव पुकारलं जाणार. सगळ्या गावासमोर. एवढ्यासाठी मी चाळीस पोरापोरींना आमच्या गावात आणलं.

शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मुलींची सोय शाळेच्या एका खोलीत झाली. हॉस्टेलवरून मी वळकटी बांधून आणली होती, वसुधाच्या वळकटीशेजारी ती टेकवून ठेवली. सर आले. प्रेमानंच म्हणाले, "अगं, तू कशाला इथं अडचणीत झोपतेस? तुझं घर इथंच आहे ना." मग माझ्या छातीकडं बघून म्हणाले, "आणि बिल्ला दे बरं तेवढा. दोन कमी पडलेत. तू काय, घरचीच."

मी बिल्ला काढून दिला. वळकटी डोक्यावर घेऊन पटांगण ओलांडलं. आई पायरीशी झाडत होती. तिनं वर बघितलं आणि ती पुन्हा झाडायला लागली.

सकाळपासून काम, तो पहिला दिवस. आमच्या वस्तीपासून शाळेपर्यंत गटार खणायची आणि टोकाला शोषखड्डा. मुलांनी खणायचं, मुलींनी माती ओढायची आणि गाव झाडायचं. मी कुदळ घेतली. मला येत होती. सुट्टीत मी उसात तण भांगलायला जायची, तिथं हात घट्ट झालेले. दुपारपर्यंत मी दोन मुलांच्या बरोबरीनं खणलं. सर एकदा येऊन बघून गेले. "छान," म्हणाले. पुढं वसुधा चार घमेली माती टाकून कमरेवर हात ठेवून उभी होती. तिला म्हणाले, "वसुधा, दमलीस का? बस जरा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आणखी जोरात खणलं. आणखी जोरात खणलेलंही कुणी बघितलं नाही.

जेवायला सगळ्यांची एकच पंगत. सर अभिमानानं सांगत, शिबिरात भेदाभेद नाही. खरं होतं ते. मी पंगतीत बसायची. फक्त मी बसले की माझ्या एका बाजूला जागा मोकळी राहायची, आणि गावातला वाढपी माझ्यापाशी आला की भाकरी वरून सोडायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातालाच ते ठाऊक होतं. वसुधा दोन दिवस माझ्या शेजारी बसली, तिला यातलं काहीच दिसलं नाही. तिच्या ताटात भाकरी नीट यायची आणि ती ताटाकडंच बघायची.

तिसऱ्या दिवशी तो फोटो. वसुधाच्या हातात खराटा होता. फोटोवाला म्हणाला, "खराटा नको, ती केरसुणी घ्या, जास्त गावाकडचं दिसेल." आईनं आपल्या हातातली केरसुणी खाली ठेवली, मग वसुधानं ती उचलली. हातातून हातात द्यायची आईला सवयच नव्हती. वसुधानं केरसुणी मधोमध धरली, ताक घुसळायला रवी धरावी तशी. तसं धरून काडीसुद्धा निघत नाही. आणि मग ती सावली.

चिखलातून आई आपणच वर आली. शाळेचा हौद जवळ होता, तिकडं गेली नाही. घरी जाऊन पाय धुतले आणि परत आली, कारण पटांगण अर्धंच झाडून झालं होतं.

चौथ्या दिवशी वसुधाच्या तळहाताला फोड आला.

अंगठ्याच्या खाली, चवलीच्या नाण्याएवढा. सगळं शिबिर थांबलं. पोरी भोवती गोळा झाल्या. कुणी फुंकर घालतंय, कुणी रुमाल भिजवून आणतंय. सर म्हणाले, "बघा, याला म्हणतात सेवा. ज्या हातांनी कधी काडी उचलली नाही, त्या हातांना आज फोड आलाय." पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका फोडाला टाळ्या.

मी माझे हात बघितले. तिच्या दसपट खणलं होतं मी. हातावर काही नव्हतं. नुसते पिवळे घट्टे, तेही जुने. त्या दुपारी मी काय केलं ते सांगते, हसायचं तर हसा. मी कुदळीचा दांडा नको तिथं, बोटांच्या पेरांत धरला. आवळून धरला. मला फोड हवा होता. दिवसभर तशी खणत राहिले. पेरं सुजली, फोड काही आला नाही. ज्या हाताला सवय आहे त्याला कष्टाची खूणसुद्धा मिळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आणि त्यावर मीठ म्हणजे, संध्याकाळी आई वाटीत तेल-हळद गरम करून घेऊन निघाली. मला वाटलं माझ्यासाठी. ती शाळेकडं गेली. मी मागोमाग गेले. वसुधा पायरीवर बसली होती. आई तिच्यापासून हातभर लांब उकिडवी बसली आणि म्हणाली, "ताई, चालंल का?"

आई शिवू का विचारतेय, हे वसुधाला कळलंच नाही. ती म्हणाली, "दुखणार नाही ना, मावशी?"

आईनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिनं वसुधाचा हात आपल्या मांडीवर घेतला. कापसानं तेल लावलं. ओठांचा चंबू करून फुंकर घातली, किती वेळ. मी भिंतीच्या कोपऱ्याला उभी होते. मला आठवेना, माझा हात आईनं असा कधी धरला होता. तिला सवड कधी होती? माझ्या तळहाताला पहिला फोड आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि आई म्हणाली होती, "फुटू दे, मग घट्ट हुतं." आता माझ्या आईची फुंकरही वसुधाला मिळाली. इतकी जळले मी, की तिथून पळत घरी आले.

आई चुलीपुढं बसली तेव्हा ती त्याच कौतुकात होती. "येवढ्या मोठ्या घरची लेक," ती म्हणाली. "पर बघ की, झाडती, माती उचलती. लय गुनाची पोर. कसला गर्व न्हाई."

मी म्हणाले, "मीबी खणतीया की चार दिस."

"तुझं काय?" आई म्हणाली. "तुझं ते कामच हाय."

तिनं सहज म्हटलं. भाकरी उलटताना. मी हातातला घास ताटात ठेवला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आगं, ते समदी म्हंत्यात ते श्रमदान म्हंजी काय गं?"

"श्रमाचं दान. काही न घेता गावासाठी काम करायचं."

आई विचारात पडली. तव्यावरची भाकरी करपली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग म्हणाली, "मंग आमी इतकी वर्सं केलं ते काय हुतं?"

मी म्हणाले, "ते वेगळं."

"कसं येगळं?"

 कॉलेजात दोन वर्षं शिकलेल्या मला, चुलीपुढच्या बाईला उत्तर देता आलं नाही. ती काही टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सहाव्या दिवशी पेपर आला. सरांनी पंगतीत उभं राहून वाचून दाखवला. फोटो सुरेख आला होता. वसुधा, तिच्या हातात केरसुणी, मागं शाळा. पटांगण लख्ख. तेवढं अर्धं फोटोच्या आधी आईनं झाडलेलं होतं म्हणून लख्ख होतं. खाली छापलं होतं की कॉलेजच्या विद्यार्थिनी ग्रामस्थांना स्वच्छतेचा धडा देताना. सगळ्यांनी पेपर हातोहात फिरवला. माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर आमटीचा डाग पडला होता. मी तो फोटो पुष्कळ वेळ बघितला. त्यात कुणाचीच सावली नव्हती.

शेवटचा दिवस. चावडीपुढं मांडव, पताका, कर्णा. सरपंच अध्यक्ष, गाव त्यांना आबा म्हणायचं. आमची वस्ती मांडवाच्या बाहेर, लिंबाखाली बसलेली. आई सगळ्यांच्या मागं, हातात केरसुणी. कार्यक्रम उठला की पत्रावळी झाडायच्या होत्या.

सर स्वयंसेवकांची नावं पुकारू लागले. एकेक जण वर जायचा, आबांच्या हातून गुलाबाचं फूल आणि प्रशस्तिपत्र घ्यायचा. मी पदर नीट केला. कर्ण्यातून माझं नाव कसं ऐकू येईल ते मी मनात चारदा ऐकून घेतलं होतं. वसुधाचं नाव झालं. तिला दोन फुलं मिळाली. मुलींची नावं संपली. मुलांची संपली. यादी घडी होऊन सरांच्या खिशात गेली.

मग सर म्हणाले, "आता वस्तीच्या वतीनं आभार मानायला..." आणि माझं नाव घेतलं.

कर्ण्यातून माझं नाव गावभर गेलं. हवं होतं तसंच.

वर गेले तर सरांनी हातात चिठ्ठी ठेवली. आभार लिहून आणले होते, मला त्रास नको म्हणून. पहिलीच ओळ अशी होती: आमच्या अडाणी वस्तीला तुम्ही स्वच्छतेची दृष्टी दिलीत. मी ती मनात वाचली. पुन्हा वाचली. लिंबाखाली आई माझ्याकडं बघत होती. तिचा चेहरा फुलला होता. आपली पोर वर उभी आहे एवढंच तिला दिसत होतं.

मी म्हणाले, "सर, हे मी वाचणार नाही."

कर्ण्यानं तेही गावभर नेलं. सर हसले. "घाबरलीस का?"

"नाही. मी सात दिवस कुदळ चालवली. माझं नाव यादीत का नाही?"

"अगं, तुझं काय," सर म्हणाले. "तुमच्यासाठीच तर केलं ना सगळं."

तुझं काय. आईच्या चुलीपुढचे शब्द, तेच शब्द, आता कर्ण्यातून. आईच्या तोंडून ते ऐकले तेव्हा मला रडू आलं होतं. या वेळी रडू आलं नाही. या वेळी मला एकदम सगळं नीट दिसलं, फोड, बिल्ला, वरून सोडलेली भाकरी. वसुधा झाडते ती सेवा. आई झाडते ते तिचं कामच. वसुधाला न झाडण्याची मोकळीक होती म्हणून तिचं झाडणं दान झालं. आईला ती मोकळीक कुणी दिली नाही आणि तिनं मागितली नाही.

मी म्हणाले, "हे पटांगण माझी आई वीस वर्षं झाडते. तुम्ही सात दिवस झाडलंत. आधी तिचे आभार माना. मग मी तुमचे मानते."

 आबा खुर्चीतून न उठता म्हणाले, "खाली बस गं पोरी. चार बुकं शिकलीस म्हंजी लय शानी झाली न्हाईस."

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि खाली उतरले.

पोरापोरींना सांगलीला न्यायला ट्रक आला होता. तो निघायच्या आधी वसुधा मला शोधत आली. हाताला अजून हळदीचा डाग होता. म्हणाली, "तू माझ्यावर रागावलीस का?"

मी म्हणाले, "हो."

"मी काय केलं?"

तिनं काही केलं नव्हतं. तिला काही करावंच लागत नव्हतं. हे तिला कसं सांगायचं? मी म्हणाले, "तुला आईनं विचारलं होतं, चालंल का. तिनं काय विचारलं ते कुणाला तरी विचार." ती गेली. तिनं कधी कुणाला विचारलं का, मला माहीत नाही. तिच्यावरचा जळफळाट त्या दिवशी संपला असं मी म्हणणार नाही. संपला नाही. फक्त आता मला वसुधा व्हायचं नव्हतं. तिला न मागता मिळतं ते मला भांडून हवं होतं, आणि एकटीला नको होतं.

घरी आईनं आधी दार लोटलं. मग एकदम बोलली. "तू जाशील सांगलीला. मला हितं ऱ्हायचंय. ज्यांच्या दारात उभं ऱ्हायचं त्यांच्या तोंडाला लागलीस." तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला, मग स्वतःच डोक्याला हात लावून बसली. मी तिला दोष दिला नाही. तिचं खरं होतं. तिला हात जोडत चिखलात जाताना मी बघत उभी राहिले होते. आता मला बोलायचा हक्क कितीसा?

ट्रक गेला तेव्हा अंधार पडला होता, झाडायचं राहूनच गेलं; सकाळी चावडीपुढं नुसत्या पत्रावळी होत्या. पताका, द्रोण, खरकटं, कुत्री. सूर्य हातभर वर आला असेल नसेल, चावडीचा शिपाई तात्या आमच्या अंगणाशी आला. नेहमीसारखा लांब उभा राहून ओरडला, "शेवंते, समदा उकिरडा झालाय. आबा वरडायल्यात. चल बिगीबिगी."

आत आई उठली. केरसुणीकडं हात गेला तिचा. मी तिच्या आधी दाराबाहेर आले.

"ती येणार नाही, तात्या."

"आँ?"

"येणार नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

"मंग झाडायचं कुनी?"

"पेपरात फोटो आलाय त्यांना बोलवा. गावाला धडा देऊन गेल्यात. एवढी चाळीस माणसं शिकवून गेली, तुम्हा कुणालाच झाडायला आलं नाही का?"

 मागं दारात आई उभी होती. ती पुढं आली नाही आणि मला आतही ओढलं नाही. तिच्या हातात केरसुणी होती की नव्हती हे मी वळून बघितलं नाही. तिचं तिनं ठरवायचं होतं. माझं मी ठरवलं होतं. या घरातली माझ्यानंतरची एकही बाई ते पटांगण झाडणार नाही, आणि तिनं झाडलंच तर तिचं नाव यादीत पहिलं असेल.

ऊन माझ्या पाठीवर होतं. सकाळची लांब सावली अंगण ओलांडून तात्याच्या वहाणांवर पडली होती. त्यानं खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "सावली पडतीया," तो म्हणाला.

"पडू दे," मी म्हणाले, आणि एक पाऊल पुढं टाकलं.